नामदार गोखले आणि शिक्षणाचा एक आणा

स्मरणिकेच्या पानांत आपल्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे छापावयाची, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे व ती योग्यच आहे. या वेळी आम्ही ती थोडी मोडीत आहोत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या तालुक्याचेही नव्हेत. पुण्याहून निघणारी आगगाडी आपल्या यवत स्टेशनावरून सोलापूरकडे जाते, एवढाच काय तो त्यांच्या कर्मभूमीशी आपला भौगोलिक संबंध. तथापि आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या निमित्ताने दरवर्षी जी चर्चा होते, म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, किती सोसावा आणि कोणत्या खर्चाच्या आधी सोसावा, त्या चर्चेचा सर्वांत सरळ हिशेब आपल्या देशात ज्यांनी मांडला ते गोखले होत. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीतील कागल येथे नोकरीस होते. पगार बेताचा आणि संसार मोठा. १८७९ साली वडील वारले त्या वेळी गोपाळ तेरा वर्षांचा होता. घरात कर्ता पुरुष उरला तो थोरला भाऊ गोविंदराव, आणि त्याचेही वय तेव्हा अठराच्या आसपास. त्याने आपले शिक्षण सोडले व दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांपैकी आठ रुपये तो कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावाला पाठवी आणि उरलेल्या सात रुपयांत सर्व घर चालवी.

हे आठ आणि सात रुपयांचे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. घरातील निम्म्याहून अधिक मिळकत एका मुलाच्या शिक्षणाला आणि उरलेल्यात सर्वांचे पोट, अशी ही वाटणी होती. प्रथम जेवण, कपडालत्ता, सणवार आणि उरले तर शिक्षण, असा क्रम त्या घराने लावला नाही. पुढे गोपाळच्या कॉलेजाचा प्रश्न आला तेव्हा गोविंदरावांच्या पत्नीने आपले दागिने पुढे केले. ज्या माउलीचे स्वतःचे शिक्षण झाले नव्हते तिने दिराच्या शिक्षणासाठी अंगावरचे सोने उतरविले. गोखल्यांच्या चरित्राचा पाया हा असा दुसऱ्यांच्या पोटाला बसलेल्या चिमट्यावर उभा आहे. त्यांनी ही गोष्ट जन्मभर विसरली नाही, आणि त्यांच्या पुढील कार्याचे मर्मही आम्हांस येथेच दिसते.

गोपाळ आपल्या परीने एकेक पैसा वाचवी. दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास करी, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८१ साली तो मॅट्रिक झाला. त्यानंतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशी मजल करीत १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बी. ए. झाला. एल्फिन्स्टनमध्ये त्याला दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळत असे. त्या काळी अठरा वर्षांच्या पदवीधराला सरकारी नोकरीचे दरवाजे उघडे होते आणि वकिलीचा मार्गही मोकळा होता. भावाचे ऋण फेडावयाचे तर तोच मार्ग सोयीचा. परंतु गोखल्यांनी पुण्यास येऊन न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी पत्करली.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक व त्यांचे सहकारी यांनी काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या सोसायटीचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत. गोखले १८८६ साली आजीव सभासद झाले. कॉलेजात ते इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकवीत. पंचाहत्तर रुपयांच्या वेतनात त्यांनी आपला संसार आणि भावाच्या कुटुंबाला करावयाचे साहाय्य, दोन्ही भागविले. शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे एक पुस्तकही लिहिले. ते पुष्कळ वर्षे ठिकठिकाणच्या शाळांतून चालले व त्याचे उत्पन्न त्यांच्या उपयोगी पडले. पुढे ज्या पुरुषाच्या आकड्यांची धास्ती हिंदुस्थान सरकारच्या अर्थमंत्र्यांनी घेतली तो मूळचा वर्गात गणित शिकविणारा मास्तर होता, हे आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांस सांगताना विशेष संतोष होतो.

कॉलेजाला इमारत हवी होती, आणि इमारतीला पैसा. ही जबाबदारी सोसायटीचे चिटणीस म्हणून गोखल्यांच्या गळ्यात पडली. सुटी लागली की इतर मंडळी विश्रांती घेत आणि गोखले झोळी घेऊन गावोगाव फिरत. संस्थानिक, सावकार, वकील, व्यापारी अशा सर्वांच्या दारी ते गेले. कोठे आदर झाला, कोठे बाहेर ताटकळत बसावे लागले. आपल्या मंडळाच्या निधीसाठी पावती-पुस्तक घेऊन जे कार्यकर्ते हिंडतात, त्यांना हा अनुभव नवीन नाही. गोखल्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आणि कॉलेज उभे राहिले. पण या हिंडण्यातून त्यांना एक गोष्ट समजली असली पाहिजे. एक कॉलेज वर्गणीवर उभे राहते, परंतु सबंध देशाची प्राथमिक शाळा वर्गणीवर उभी राहू शकत नाही. दात्याची मर्जी, दात्याची ऐपत आणि दात्याचे आयुष्य या तिन्हींना मर्यादा आहेत. शाळेत जाणारे मूल मात्र दरवर्षी नव्याने जन्मास येते.

१८८७ च्या सुमारास गोखल्यांची न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी गाठ पडली. रानड्यांनी त्यांना सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम दिले व सरकारी अहवाल, जमाखर्चाचे तक्ते, दुष्काळाचे वृत्तांत यांचा बारकाईने अभ्यास करावयास लाविले. एकही आकडा पडताळल्याविना लिहावयाचा नाही, ही शिस्त त्या काळातील. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. तेव्हा त्यांना अवघे एकतिसावे वर्ष चालू होते. हिंदुस्थानच्या तिजोरीतून लष्करावर किती जाते आणि रयतेच्या शिक्षणावर किती, याची तुलना त्यांनी तेथे मांडली. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी तेथील पत्रात माहिती दिली. परत आल्यावर तिचा पुरावा उभा करता न आल्यामुळे त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल स्वदेशात त्यांची पुष्कळ निंदा झाली. आम्ही येथे एवढेच नमूद करतो की तो घाव सोसून ते पुन्हा सार्वजनिक कामास लागले, आणि पुढील सर्व आयुष्यात त्यांनी मांडलेल्या आकड्यांस कोणी सहसा हात लावू शकले नाही.

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात व १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात गेले. त्याच वर्षी त्यांनी फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्ती घेतली. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारच्या तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक पडत होती आणि अधिकारी तिला भरभराटीचे चिन्ह समजत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की दुष्काळाने व प्लेगने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळेच ही शिल्लक पडते. मिठावरील कर गरिबाच्या भाकरीवरचा कर आहे, हे ते वारंवार सांगत राहिले. तो कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. या कामी इतरांचेही प्रयत्न होते, पण गोखल्यांचा वाटा मोठा होता.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली व त्याच वर्षी काशी येथील काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या मते गोखल्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे कार्य १९१० ते १९१२ या तीन वर्षांतील आहे. ते कार्य त्या वेळी फसले, म्हणून त्याचा उल्लेख सहसा एका ओळीत आटोपतो. आम्ही तो थोडा विस्ताराने करणार आहोत.

शिक्षणाची स्थिती त्या काळी कशी होती? १९०४ साली खुद्द हिंदुस्थान सरकारनेच एका ठरावात कबूल केले होते की पाच खेड्यांपैकी चार खेड्यांत शाळा नाही, चार मुलग्यांपैकी तिघे शिक्षणाविना वाढतात आणि चाळीस मुलींत एखादीच शाळेत जाते. आपल्या भीमथडीच्या पट्ट्यातील तेव्हाच्या खेड्यांचे चित्र याहून फार वेगळे असेल असे मानण्यास कारण नाही. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण क्रमाक्रमाने मोफत व सक्तीचे करण्यास आरंभ करावा, असा ठराव मांडला. त्या प्रसंगी त्यांनी जगातील देशांचा जो तक्ता वाचून दाखविला, तो आजही प्रत्येक शिक्षणप्रेमी माणसाने पाहावा असा आहे.

आकडे शिलिंग-पेन्सांत होते. त्या काळी एका रुपयाला सोळा पेन्स पडत आणि रुपयाचे आणेही सोळाच. म्हणून एक पेनी म्हणजे एक आणा, असा सोपा हिशेब आपणांस करता येतो. प्राथमिक शिक्षणावर दर माणशी वर्षाकाठी अमेरिकेत सोळा शिलिंग, म्हणजे बारा रुपये खर्च होत. स्वित्झर्लंडमध्ये सव्वादहा रुपये, इंग्लंड-वेल्समध्ये साडेसात रुपये, जर्मनीत पाच रुपये दोन आणे. जपानसारख्या नुकत्याच पुढे येऊ लागलेल्या देशात चौदा आणे. झारच्या जुलमी अमलाखाली असलेल्या रशियातसुद्धा साडेसात आणे. आणि हिंदुस्थानात? जेमतेम एक आणा!

सरकारचे ठरलेले उत्तर असे की हा देश गरीब आहे, पैसा आणावा कोठून? गोखल्यांनी त्यावर घरचाच दाखला दिला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व तो यशस्वी झाल्यावर १९०६ साली सर्व राज्यास लागू केला. बडोद्याची रयत ही याच मातीतली, तिचे पीकपाणी असेच, तिची गरिबी अशीच. तेथे दर माणशी साडेसहा आणे खर्च होत आणि शाळेच्या वयाचे शंभरांतील सुमारे ऐंशी मुलगे शाळेत जात. इंग्रजी मुलखात एक आणा खर्च होई आणि शंभरांतील एकवीस-बावीस मुलगे शाळेत जात. यावरून सिद्ध झाले ते हे की देश गरीब असला तरी फरक गरिबीमुळे पडत नाही. तिजोरीतून प्रथम काय काढावयाचे, या निश्चयामुळे तो पडतो. जपानचाही दाखला असाच होता. त्या देशाने १८७२ साली शिक्षणाचा कायदा केला आणि सुमारे तीस वर्षांत शेकडा नव्वदांवर मुले शाळेत आणली. आधी श्रीमंत होऊ आणि मग शिकू, असे तो देश म्हणत बसला नाही.

सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यामुळे ठराव मागे घेण्यात आला. त्यानंतर वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते इतके सौम्य होते की आज वाचताना त्याच्या भिडस्तपणाचेच आश्चर्य वाटते. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, आणि तेही तेथील म्युनिसिपालिटीची किंवा लोकल बोर्डाची इच्छा असेल व सरकारची संमती मिळेल तर, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावयाची. मुलींसाठी तरतूद पुढे सवडीने लागू करता येईल अशी ठेविली होती. ज्याचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्या मुलाकडून फी घ्यावयाची नाही. स्थानिक संस्थांनी शिक्षणपट्टी बसवावी, आणि खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने सोसावा.

या गणिताच्या मास्तरांनी एकूण बेरीजही मांडली. शाळेच्या वयाचे सव्वा कोट मुलगे आणि दर मुलामागे वर्षाला पाच रुपये, म्हणजे सवासहा कोट रुपये. चालू खर्च वजा जाता साडेचार कोट नवे लागतील. त्यांपैकी तीन कोट सरकारचे, दीड कोट स्थानिक संस्थांचे, आणि तेही एकदम नव्हे, दहा वर्षांत वाढत वाढत. पैसा कमी पडल्यास परदेशी मालावरील जकात शेकडा पाचांवरून साडेसात करावी, असेही त्यांनी सुचविले. त्या काळी एकट्या लष्कराचा खर्च तीस कोटींच्या घरात होता. त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम सरकारकडून, तीही दहा वर्षांच्या मुदतीने, मागितलेली होती.

विधेयक वर्षभर मतांसाठी देशभर फिरले. बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले. काही जमीनदार मंडळींना खेड्यातील पोर शाळेत गेले तर गुरे कोणी राखावीत आणि शेतावर कोणी राबावे, ही चिंता पडली. पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जिना प्रभृतींनी पाठिंबा दिला. परंतु सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते. मार्च १९१२ मध्ये विधेयक चिकित्सक समितीकडे पाठविण्याची सूचना मतास टाकली गेली. बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस मते पडली. विधेयक बारगळले.

असे होणार हे गोखल्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी ते मांडले, कारण हिशेब एकदा चोख मांडून ठेवला की पुढच्या पिढीला तो नव्याने करावा लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणे आले आहे, हे त्यांनी मनोमन स्वीकारले होते. त्यानंतर त्यांनी त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला व सरकारी नोकऱ्यांच्या कमिशनचे काम अंगावर घेतले. १९१४ साली सरकारने देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली. मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि विश्रांती माहीतच नव्हती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती.

या चरित्रास एक दुसरी बाजू जोडल्याविना आम्हांस पुढे जाता येत नाही. गोखल्यांच्याही आधी, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, म्हणून हा पैसा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांनी तिजोरी कोण भरतो ते सांगितले, तर गोखल्यांनी त्या तिजोरीतून किती काढावयाचे याची बेरीज केली. आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करून तो पैसा प्रत्यक्ष काढून दाखविला. निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन देणारे महाराजही हेच. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांची शैक्षणिक परंपरा तेथूनच सुरू होते. मात्र वसतिगृहे काढली म्हणून महाराजांनी गावच्या शाळेकडे पाठ फिरविली नाही, हे विसरता कामा नये.

गोखल्यांच्या पश्चात त्यांचे विधेयक तुकड्यातुकड्यांनी खरे झाले. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने म्युनिसिपालिट्यांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची परवानगी देणारा कायदा झाला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे धोरण घालून दिले. ती दहा वर्षे उलटून गेली. २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. गोखल्यांच्या ठरावास तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

कायदा झाला, पण पैशाचे काय? १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे शेकडा सहा शिक्षणावर खर्चावेत, असे सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही शैक्षणिक धोरणांत तो आकडा पुन्हा पुन्हा आला. तो अद्याप गाठला गेलेला नाही. आपण एकटेच मागे आहोत असेही नव्हे. २०१५ साली जगातील राष्ट्रांनी इंचॉन येथे जमून राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा चार ते सहा, किंवा सरकारी खर्चाच्या शेकडा पंधरा ते वीस एवढी रक्कम शिक्षणास देण्याचे प्रमाण मान्य केले. तरीही युनेस्कोच्या अलीकडील वृत्तांतांवरून जगात शाळेबाहेर असलेली मुले पंचवीस कोटींहून अधिक आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ साली दाखवून दिले की सुमारे तीनशे तीस कोटी माणसे अशा देशांत राहतात, जेथील सरकारे शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतात त्याहून अधिक खर्च कर्जाच्या व्याजावर करतात. शंभर वर्षांपूर्वी लष्कराचा आकडा आडवा आला, आज व्याजाचा येतो. शिक्षणाचा आकडा मात्र तेव्हाही शेवटी लिहिला जाई आणि आजही शेवटीच लिहिला जातो.

आता आपल्या दाराशी येऊ. आषाढी वारीत श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी यवत मुक्कामी काळभैरवनाथाच्या मंदिरी उतरते, त्या दिवशी आपले गाव काय करते हे सर्व महाराष्ट्र जाणतो. हजारो वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण मिळते. पीठ घरोघरचे, भाकऱ्या घरोघरच्या आयाबहिणींनी थापलेल्या, आणि कामाला हात सर्व जातींचे. पाऊस लांबला, उसाला भाव कमी आला, म्हणून पालखीच्या दिवशी भाकरी थापली गेली नाही, असे आम्ही कधी ऐकले नाही. तो खर्च गाव आधी काढून ठेवते आणि मग घरचे पाहते. गोखल्यांची शिक्षणपट्टी याहून निराळी नव्हती. ऐपतीप्रमाणे प्रत्येकाने द्यावयाचे, जात न पाहता सर्वांच्या पानात वाढावयाचे, आणि उरले तर नव्हे, तर आधी.

याउलट गावच्या जिल्हा परिषद शाळेचे पाहा. वर्गाचे छप्पर गळाले की ग्रामपंचायतीकडे अर्ज जातो, तेथून पंचायत समितीकडे, आणि पुढचा पावसाळा येतो. २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा वाड्यावस्त्यांवरील पालकांच्या पोटात गोळा आला. दोन-तीन कोस लहान मुलीला कोण पाठविणार? गुऱ्हाळांवर व ऊसतोडीस येणाऱ्या कुटुंबांची मुले आमच्या वर्गात हंगामापुरती बसत आणि पाडव्याच्या सुमारास नाहीशी होत. त्यांची नावे पटावर राहत, पाटी मात्र रिकामी. त्या मुलांसाठी वर्गणी गोळा करणारे ज्ञातिमंडळ नसते.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा शाल, श्रीफळ व रोख पारितोषिक देऊन सत्कार करते. तो अवश्य व्हावा. पण शेकडा नव्वद गुण मिळविणाऱ्याच्या घरी बहुधा आधीच दिवा असतो. गोपाळ गोखले नावाचा मुलगा आपल्या सत्कार-समारंभात आला असता तो बी. ए. झाल्यावर, तेराव्या वर्षी वडील वारले तेव्हा नव्हे. त्या तेराव्या वर्षी त्याला आठ रुपये देणारा भाऊ होता म्हणून देशाला गोखले मिळाले. ज्यांना असा भाऊ नाही त्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून गोखल्यांनी सरकारच्या तिजोरीकडे बोट दाखविले. आपल्या भावाने केले ते सरकारने सर्वांसाठी करावे, एवढाच त्या विधेयकाचा अर्थ आम्ही समजतो.

यास्तव सभासद कुटुंबांपुढे आम्ही दोन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, विद्यार्थी-साहाय्य निधीचा काही ठराविक भाग गुणांवर न देता गरजेवर द्यावा. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, ज्या घरात मुलीची शाळा सुटू पाहत आहे, तेथे तो वर्षाच्या आरंभीच पोचावा, निकालानंतर नव्हे. दुसरी सूचना याहून महत्त्वाची आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सभासद पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम त्यांचे आहे. आपल्यापैकी किती जण त्या सभेस जातात? ग्रामसभेत गटार, पाणी व रस्ता यांबद्दल आपण तावातावाने बोलतो, तसे शाळेच्या खोलीबद्दल व शिक्षकाच्या रिकाम्या जागेबद्दल बोलावे. आणि बोलताना आकडे घेऊन बोलावे. किती मुले, किती खोल्या, किती रक्कम मंजूर झाली, किती आली आणि कशावर खर्च झाली, हे विचारण्यास पदवी लागत नाही, अंकगणित पुरते.

आपल्या मुलांची फी भरून आपण आपल्या घराचे कर्तव्य करतो. ज्ञातीचा निधी भरून ज्ञातीचे करतो. परंतु गावच्या शाळेत, आपल्या ज्ञातीच्या मुलाशेजारी जे दुसऱ्या घरचे मूल बसते, त्याचा आणा कोण देणार, हा प्रश्न नामदार गोखल्यांनी मार्च १९१० मध्ये विचारला. विरुद्ध पडलेल्या त्या अडतीस मतांनी त्याचे उत्तर टाळले. आपण ते टाळू नये, अशी प्रार्थना करून आम्ही हे चरित्र येथे पुरे करतो.